मेथीच्या जुड्या बांधतानाचं रेकॉर्डिंग

एम.ए.च्या प्रबंधासाठी माझा विषय होता, घरगुती बोलण्यात शब्दांचे शेवट कसे गळतात. नमुने घ्यायला मी खुटबावला, आमच्याच घरी गेले. आईने संमतीच्या कागदावर सही केली, पण मोबाइल समोर ठेवला की ती एकदम पुस्तकी बोलायची. "मी भाकरी करीत आहे." जन्मात ती असं बोलली नव्हती.

तिसऱ्या शनिवारी ती आणि चुलती पडवीत मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मी सांगून मोबाइल चालू केला आणि आत निघून गेले. हात कामात गुंतले की मोबाइलचा विसर पडेल, असा माझा हिशेब. तो बरोबर ठरला.

यवतहून पुण्याला परतताना बसमध्ये ते ऐकलं. चुलती म्हणत होती, "पोरगी आली की बरं वाटत आसंल."

आई म्हणाली, "मला तिच्यासंगं बोलायचं भ्या वाटतं. त्वांडातून सबुद निघाला, की ती वहीत लिवती."

नेमकं तेच वाक्य सगळ्यांत स्वच्छ आलं होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. "यावरच प्रकरण उभं कर." मग मी रोज कॉम्प्युटरवर त्या 'भ्या'च्या उच्चाराची लांबी मोजत बसले. डोळे भरून यायचे, आणि त्याच वेळी मन टिपून घ्यायचं, इथे 'वाटतं' अर्धंच उच्चारलंय. सुटकाच नव्हती. फोनवरही मी आईचं म्हणणं ऐकत नव्हते, स्वर ऐकत होते.

शेवटी घरी जाऊन तिला ते ऐकवलं. ती ओशाळली.

"आगं, आसंच बोलले मी."

"खरं सांग."

"खरं हाय."

"काढून टाकू?"

"तुझं नुसकान व्हईल?"

"थोडं."

तिने मोबाइल माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "तरी काढ."

मी तिच्यासमोरच ते मोबाइलमधून पुसलं, परतल्यावर कॉम्प्युटरमधूनही. मॅडमना फाइल बिघडली म्हणून खोटंच सांगितलं.

उरलेले नमुने शिरूरच्या मावशीकडे घेतले. तिला मोबाइलची भीड नव्हती. ती बोलत होती, मी खाली मान घालून लिहीत होते. मध्येच ती थांबली.

"मंग, तुला काय वाटतं? करू का तसं?"

कशाबद्दल विचारतेय, हे मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "कर की."