मावशीने बंद ठरवलेला गट

बस डेपोच्या चौकशी खिडकीत जिने उभी हयात काढली, ती निवृत्तीनंतर गप्प बसणार थोडीच! सगळे तिला चौकशी मावशी म्हणायचे आणि खरं सांगायचं तर तिलाही ते आवडायचं. कुठली गाडी कुठून सुटते हे सांगणं संपलं, तेव्हा तिने दुसरी खिडकी उघडली. ही स्वयंपाकघराच्या टेबलावर, भाचीने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर.

इथे चौकशी असायची गटांची. हे समाजमाध्यम कुणा एका मालकाचं नव्हतं. शेकडो छोटे सर्व्हर, कुणी हौसेने घरच्या घरी चालवलेला, कुणी मित्रामित्रांनी मिळून. प्रत्येकाचे नियम निराळे, पण आपल्या सर्व्हरवर बसून दुसरीकडच्या गटात बोलता यायचं. गट मात्र इतके की नवा माणूस गांगरून जायचा. शिवणकामाचेच ढीगभर, आणि त्यातल्या निम्म्यांत चिटपाखरू नाही. मावशी रोज सकाळी गट चाळायची आणि वर्गवारी करून सगळ्यांसाठी टाकायची: चालू, मंद, बंद. सदस्यसंख्येकडे ती ढुंकूनही बघत नसे.

"ती सगळी खोगीरभरती," म्हणायची. "नव्या माणसाने काही विचारलं तर कुणी उत्तर देतं का, ते बघावं."

लोकांचा तिच्यावर भारी भरवसा. मावशीने बंद म्हटलं की त्या गटाकडे कुणी फिरकत नसे.

पलीकडच्या खोलीत तिचे थोरले भाऊ राहायचे, दादा. भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारणारा माणूस. आवाज असा खणखणीत की फाटकाबाहेरच्या टेम्पोवाल्यालाही टोमॅटोचा भाव कळायचा. मग घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं, आणि दादा मोबाइलवर लिहून बोलू लागले. बोलू लागले म्हणजे काय, 'चहा', 'नको', 'झोपतो'. बाजारातली मंडळी सुरुवातीला यायची. काय बोलावं ते त्यांना सुचेना, दादांना त्यांची कीव सोसेना, आणि येणंजाणं थांबलं. मावशीचा नुसता जीव तुटायचा.

एका दुपारी दादांनी आपणहून मोबाइल तिच्यापुढे धरला. 'तुझ्या त्या गटांत माझ्यासारखे कुणी आहेत का, बघ.'

ऑपरेशननंतर त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं. मावशी हातातली भांडी तशीच टाकून बसली. शोधता शोधता दूरच्या एका सर्व्हरवर स्वरयंत्र काढलेल्यांचा गट सापडला. शेवटचं लिखाण दोन वर्षांपूर्वीचं. कुणा नवख्याने काहीतरी विचारलं होतं आणि त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. मावशीने आपला नियम लावला आणि गट बंदमध्ये टाकला.

"एक आहे, पण ओस पडलाय रे दादा. तिथे आता कुणी नाही."

दादांनी मान हलवली आणि मोबाइल पालथा ठेवला. त्यानंतर चहाही ते खुणेने मागू लागले. दवाखान्यातल्या तपासणीला मावशी रिक्षा बोलावून आली, तर हे अंगावर चादर ओढून झोपलेले. तिने चादर ओढली, रागावली, हातापाया पडली. दादा ढिम्म हलले नाहीत.

अशात तिला एक निरोप आला. 'मी बेकरी चालवते आणि स्वरयंत्र काढलेल्यांचा गटही चालवते. तुम्ही आम्हाला बंदमध्ये का टाकलंत? आम्ही रोज बोलतोय. एकदा आमच्या सर्व्हरवर येऊन बघा तरी.'

मला शिकवते काय ही, असं पुटपुटत मावशी तिथे गेली. बघते तो काय, गट नुसता गजबजलेला. श्वासासाठी मानेला पाडलेल्या छिद्रात पाणी न जाता अंघोळ कशी करायची, हे एकाने विचारलं होतं आणि दहा जणांनी आपापली युक्ती सांगितली होती. दुसऱ्याला पडलेला प्रश्न असा की आता कुत्र्याला हाक कशी मारायची. सगळं त्याच सकाळचं.

मावशीला आता उमगलं. या सर्व्हरांची रीतच अशी, की आपल्याकडचं कुणीतरी गटात सामील असेल तरच तिथलं नवं लिखाण आपल्याकडे येतं. तिच्या सर्व्हरवरचा या गटाचा एकमेव सदस्य दोन वर्षांपूर्वी सोडून गेला होता. मागे राहिलं होतं ते शिळं, आणि तेच बघून तिने निकाल दिला होता. आपल्या थांब्यावर गाडी येत नाही म्हणून मार्गच बंद झाला, असं तिने खिडकीत कधी कुणाला सांगितलं नसतं. सख्ख्या भावाला मात्र सांगून मोकळी झाली.

सारवासारव करायचं तिच्या मनात आलंही. पण ती लॅपटॉप उचलून दादांच्या खोलीत गेली.

"दादा, मी चुकले. तो गट चालू आहे. तू विचारलंस तेव्हाही चालूच होता."

दादा बराच वेळ वाचत राहिले. मग मोबाइल घेऊन त्यांनी लिहिलं, 'तू म्हणालीस तिथे कुणी नाही. मला वाटलं, सगळे मेले.'

मावशी पलंगाच्या कडेवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. दादांनी तिला रडू दिलं. थोड्या वेळाने त्यांनी लॅपटॉप मांडीवर ओढला आणि एकेक अक्षर शोधत गटात लिहिलं, 'नवीन आहे.'

बेकरीवालीचं उत्तर लगेच आलं. 'या, या. कसे आहात?'

दादांनी त्याचं उत्तर दिलंच नाही. उलट विचारलं, 'तुमच्या ऑपरेशनला किती वर्षं झाली?'

'एकोणीस.'

दादांनी त्या शब्दावर बोट ठेवलं, मावशीला दाखवलं आणि पुढे लिहायला घेतलं.