आजीच्या गोष्टीला हुंकारा

दिवसभर अनोळखी माणसांचे आवाज ऐकायची नोकरी असली की किस्से आपोआप साचतात. सांगायला गेलं तर लोक म्हणतात, आधी कान तपासून घ्या!

भोकरदनला खताच्या दुकानावर आमचं ऑफिस. तिघंच आम्ही: मी, धावड्याचा भगवान आणि राजूरच्या नसीम आपा. परदेशातून रेकॉर्डिंग येतात, त्यातली शांतता कापायची आणि आवाज कुणाचा ते लिहायचं. मागे एका कॅरिब भाषेचं काम आलं. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातली भाषा, बोलणारी दोनच माणसं उरलेली, म्हातारी बहीण आणि तिचा भाऊ. आमच्या लेखी आजी आणि मामा.

आजी गोष्ट सांगायची, मामा प्रत्येक वाक्याला "म्म" म्हणायचा. हुंकारा आला नाही तर आजी गोष्ट पहिल्यापासून सुरू करायची, तसा त्यांचा रिवाजच. भगवानला सवय इतकी लागली की घरी बायको काही सांगू लागली की हा "म्म" करायचा.

शेवटी तिनं विचारलं, "पोटात दुखून राह्यलं का?"

*

मग मामा वारला. नंतरच्या फायलींत आजी एक वाक्य बोलते, थांबते, पुन्हा पहिल्यापासून. तिकडच्या रेकॉर्डिंगवाल्यानं हुंकारा देऊन पाहिला, पण आजीनं त्याला मोजलंच नाही. तिची सगळ्यात मोठी गोष्ट तशीच अडकली. आजी गेली की तीही जाणार, भाषेसकट. मला फार वाईट वाटायचं.

*

नसीम आपा हेडफोन लावून "म्म" म्हणायला लागल्या.

"आपा, रेकॉर्डिंग हाय ते," भगवान म्हणाला. "तिला काय ऐकू येतंय?"

"बेचारी थांबून राह्यलीय. कुणीतरी हं म्हणायला नको?"

*

एकदा आपा म्हणाल्या, "आज म्हातारी गोष्टीत लई पुढं गेली."

भगवाननं तीच फाईल लावली. एक वाक्य, थांबणं, पुन्हा तेच वाक्य. शेवटपर्यंत तेवढंच.

"फाईल बदलली का, आपा?"

"बिलकुल न्हाई."

मी सॉफ्टवेअरवर ढकललं. पण ती फाईल मी एकट्यानं कधी लावली नाही.

*

हे सगळं मी गंमत म्हणून रेकॉर्डिंगवाल्याला कळवलं. त्याला गंमत वाटली नाही. म्हणाला, आजीला कॉलवर आणतो, तुमच्या बाईंना बसवा.

नेट कमी, म्हणून कॅमेरा दोन्हीकडे बंद. आपांनी ओढणी नीट केली. आजी बोलली, थांबली. बराच वेळ थांबली.

"म्म," आपा म्हणाल्या.

आजी पुढं सरकली. वाक्य, हुंकारा, वाक्य, हुंकारा. भगवानचा चहा निवून गेला. शेवटी आजी हसली आणि तिकडे टाळ्या वाजल्या. गोष्ट पुरी झाली होती. आपा डोळे पुसत उठल्या.

कॉल बंद करायला भगवान वाकला आणि तसाच राहिला.

"भाऊ, आपला माईक बंद हाय. सुरू केलाच न्हाई आपण."

स्क्रीनवर खाली रेकॉर्डिंगवाल्याचे दोन मेसेज पडले होते, कॉल सुरू झाला तेव्हाचे. पहिला: "तुमचा आवाज येत नाही. आजी वाट बघतायत."

दुसरा: "राहू द्या. त्यांना येतोय."