दुसऱ्याच्या पेशीचा फोटो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि त्याच्यापासून माझी बीपीची गोळी चुकलेलीसुद्धा लपत नाही.

पुण्यातल्या एका लॅबमध्ये मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काम करते. वाघोलीचे एक तरुण शिक्षक होते. थोरल्या बहिणीनं, सुजाताताईंनी, त्यांना आपली किडनी दिलेली. त्यांच्या लघवीत काळपट, फुगलेल्या केंद्रकांच्या पेशी सापडल्या. विषाणूनं पेशी तशा दिसतात – आणि कॅन्सरनंही. साध्या मायक्रोस्कोपखाली फरक कळेना. म्हणून स्लाइडवरच्या त्या मोजक्या पेशी रेझिनच्या, म्हणजे कडक प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या, छोट्या ब्लॉकवर उचलून माझ्याकडे आल्या. पातळ काप घ्यायचे, आत विषाणूचे कण दिसतात का पाहायचं.

अशा ब्लॉकवर पेशी अगदी वर असतात, दुधावरच्या सायीसारख्या. पण माझा हात रोजच्या ब्लॉकना सरावलेला – आधी वरचा थर तासून सपाट करायचा. मी तासला. लक्षात आलं तेव्हा पेशी भुशात गेल्या होत्या.

चुकलं म्हणायला किती वेळ लागतो? आणि ती लघवी होती हो – दुसऱ्या दिवशी नवा नमुना मिळाला असता! पण ‘मॅडमचा हात म्हणजे सोनं’ हे ऐकायची मला चटक लागली होती. लॅबच्या आमच्या मोठ्या सरांचा अंदाज विषाणूचाच होता. मग काय – जुन्या एका रुग्णाचा, विषाणूंनी गच्च भरलेल्या केंद्रकाचा फोटो मी रिपोर्टला लावला.

रिपोर्ट न्यायला सुजाताताई आल्या. “म्हणजे कॅन्सर नाही ना?” मी ‘नाही’ अशी मान हलवली. त्या तिथेच रडल्या, आनंदानं.

कॅन्सरच होता. कळला तेव्हा पसरला होता. कधीकधी विषाणू आणि कॅन्सर दोन्ही एकदम असतात, असं डॉक्टर म्हणाले. माझ्यावर कुणाचा संशयही गेला नाही. ते शिक्षक गेले.

पुढे स्वारगेटला सुजाताताई भेटल्या. मी नजर चुकवली, त्यांनी मात्र ओळखलं. “मॅडम, तुमच्या रिपोर्टमुळे काही महिने तरी तो निर्धास्त झोपला,” म्हणाल्या आणि माझा उजवा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

त्यांची बस येईपर्यंत मी तो सोडवून घेतला नाही.