पूर्वेची भिंत

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. इंदूरला आर्किटेक्चर शिकले. देवासला भोपाळ रोडच्या कडेला नवं चर्च व्हायचं होतं. त्याची पूर्वेची भिंत ऑफिसात माझ्याकडे आली.

त्या भिंतीला मी खिडक्या दिल्याच नाहीत. जमिनीपासून छतापर्यंत उभ्या, अरुंद फटी, त्यांत काच बसणार. दाराशी दाट, वेदीकडे विरळ. भिंत उभी राहिल्यावर सकाळी आत शिरलं की फरशीवर ऊन, सावली, ऊन, सावली, पटापट. पुढे जावं तशी सावली रुंदावत जायची आणि पाय आपोआप मंदावायचे. बोलणाऱ्याचा आवाजही उतरायचा. मला एवढंच हवं होतं.

काच बसायच्या आधी बाबांना दाखवायला नेलं. चर्चच्या कमिटीची मंडळीही आली होती. फटी त्यांना खटकतच होत्या. "मॅडम, ये तो जेल जैसा लग रहा है," एक काका म्हणाले. माझी बाजू घ्यायला बाबा सरसावले. घरात मराठी, कारखान्यात हिंदी, आणि घाईत दोन्हींचा काला. म्हणाले, "भिया, देख लेना, पूरे देवास में सबसे पहले इधर ही उजाड़ होगा!"

उजाडेल, म्हणायचं होतं त्यांना.

मंडळींना ऐकू आलं, ओसाड होईल. नुकताच नवरा गेलेल्या एका बाईंनी क्रूसाची खूण केली. मी समजावलं, मराठीत सकाळ होण्याला उजाडणं म्हणतात. मग सगळे हसले. "अंकल, डरा दिया आपने!" बाबाही हसले, पण कान लाल झाले होते.

पुढच्या बैठकीत ठरलं, फटी बुजवायच्या. कारण पावसाचं दिलं. काच असताना पाऊस कुठून येणार, मी विचारलं. "बेटा, लोगों के मन में बैठ गया है," फादर हळूच म्हणाले. खरं बोलले, म्हणून त्यांच्यावर रागही धरता आला नाही.

उद्घाटनाला बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. आत ट्यूबलाइटचा सगळीकडे सारखा पांढरा उजेड. लोक दारापासून वेदीपर्यंत एकाच चालीनं, गप्पा मारत जात होते. बाबा भिंतीवरून हात फिरवत राहिले, बुजवलेली जागा लागते का बघत.

"माझ्यामुळे ना गं?"

"नाही हो बाबा, पावसामुळे."

तेव्हापासून माझ्या कामाच्या माणसांसमोर ते तोंड उघडत नाहीत. कुणी काही विचारलं की नुसते माझ्याकडे बघतात.