फरारी बाईंचं रिटचिंग

फौजदारांनी ग्रुप फोटो माझ्या टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या रांगेतल्या चौथ्या बाईवर बोट टेकवलं. "ही. हिचा चेहरा मोठा करून द्या. परवा हँडबिलं छापायला जायची आहेत."

मी भिंग लावून पाहिलं. भिंगाची गरज नव्हती. तो फोटो मीच काढला होता, मुलींच्या शाळेच्या संमेलनात. त्या दिवशी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली मी गरजेपेक्षा बराच जास्त वेळ काढला होता, तो याच चौथ्या बाईपायी.

बेचाळीस सालचा हिवाळा. लोणावळ्यात स्टेशनाजवळ माझा स्टुडिओ होता. युद्धामुळे फोटोचा कागद आणि केमिकलं परमिटवर, आणि परमिट सरकारी काम करणाऱ्याला. म्हणून मी सरकारी काम करायचो. मिलिटरीच्या मजुरांचे पासचे फोटो आणि कैद्यांचे फोटो, समोरून एक, बाजूनं एक. दोघांच्या चेहऱ्यांत फारसा फरक नसे, फक्त कैद्यांना जेवण वेळेवर मिळे. शिवाय गिऱ्हाइकाच्या रोलमध्ये रेल्वेचा पूल, बोगदा असं काही दिसलं तर चौकीवर कळवायचं, असा हुकूम होता. म्हणजे मी सरकारचा डोळा. तो डोळा गेले चार महिने मिटलेला होता.

यमुनाबाई मूळच्या परंदवडीच्या. शेतकऱ्याची मुलगी, सातवीची फायनल पास होऊन लोणावळ्याला शिक्षिका झालेली. सावळ्याहून काळ्या, नाकावर उंचवटा, डाव्या भुवईत लहानपणी विळा लागल्याचा व्रण. पहिल्यांदा रोल धुवायला घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या की त्यांना निसर्गाची फार आवड आहे. रोल धुतला. प्रत्येक फोटोत नागफणीचा सुळका एका कोपऱ्यात अंग चोरून उभा, आणि मधोमध रेल्वेचा पूल. पुढच्या रोलमध्ये निसर्ग आणखी आटला. नुसती बोगद्यांची तोंडं.

मी चौकीवर कळवलं नाही. फोटो पाकिटात घालून दिले. त्या बसायच्या, चहा घ्यायच्या, शाळेतल्या गमती सांगायच्या. एकदा म्हणाल्या की इथे बसलं की बरं वाटतं. मी याला प्रेम समजत होतो. त्या काय समजतात हे विचारायचा धीर झाला नाही, कारण उत्तर 'डेव्हलपिंग' असं आलं असतं.

आठ दिवसांपूर्वी त्यांच्या खोलीवर छापा पडला. भूमिगतांची पत्रकं सापडली. बाई सापडल्या नाहीत.

"हिचा एकटीचा फोटो काढला होता का तुम्ही?" फौजदारांनी विचारलं. "काच असेल तर द्या."

काच म्हणजे निगेटिव्ह. होती. फौजदारांच्याच पाठीमागच्या फळीवर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. मी म्हणालो, "साहेब, काचेची टंचाई आहे. जुन्या काचा धुऊन फ्रेमला वापरतो. तीही गेली."

फौजदार म्हणाले की ठीक आहे, उद्या शिपाई येऊन फळ्या बघून जाईल. मग त्यांनी कामाचा लेखी हुकूम दिला: 'चेहरा स्वच्छ व ठळक करून द्यावा.'

ते गेल्यावर मी स्वतःचं बोलणं खरं करायला घेतलं. गरम पाणी, त्यात धुण्याचा सोडा. काच आत सोडली की चित्राचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटतो. दोन मिनिटांचं काम. यमुनाबाईंचा एकुलता एक खरा फोटो मोरीतून वाहून गेला आणि मी स्वच्छ काच हातात धरून उभा राहिलो. देशासाठी लोक त्या वर्षी बरंच काही करत होते. मी काच धुतली.

आता ग्रुप फोटो. त्यातला चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा. त्याची कॉपी करून मोठा केला की नुसता धूसर होतो, म्हणून रिटचिंग करावंच लागतं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं बारीक बारीक रेघा भरल्या की फोटोत तेवढा भाग उजळतो. नवरदेवांच्या तोंडावरचे देवीचे वण आणि उपवर मुलींचा रंग आम्ही असाच घालवतो. पुष्कळ लग्नं या पेन्सिलीवर जमली आहेत.

काम नाकारलं तर परमिट जाणार, आणि पुढचे समोरून एक, बाजूनं एक, हे फोटो माझेच निघणार. काम प्रामाणिकपणे केलं तर बाई आठवड्यात आत. मी तिसरा मार्ग काढला. काम उत्तम केलं.

व्रण भरला. नाकाचा उंचवटा गेला. गाल उजळले. हनुवटी कोरली. डोळ्यांत चमक घातली, ती तर गिऱ्हाइकानं जादा सांगितल्याशिवाय मी घालत नसे. हुकुमाप्रमाणे चेहरा स्वच्छ झाला, ठळकही झाला. फक्त बाई बदलली. फौजदारांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "वा." त्यांच्या तोंडून हा शब्द मी तेव्हाच ऐकला.

लोणावळा, तळेगाव, सोमाटण्याचा फाटा, सगळीकडे हँडबिलं लागली. लोक वाचायला कमी आणि बघायला जास्त थांबत. एका केशकर्तनालयाच्या मालकानं दुकानात लावायला माझ्याकडे एक प्रत मागितली. फौजदार ओळख पटवायला परंदवडीला गेले, तेव्हा यमुनाबाईंच्या आईनं कागद उन्हात धरून नीट पाहिला. बरोबरच्या शिपायानं मला नंतर तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "ही आमची न्हाई, सायेब. आमची येवडी गोरी असती तर कवाच उजवली असती."

म्हातारी शपथेवर खरं बोलली.

पुढच्या आठवड्यात खंडाळ्याला हवा खायला आलेल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या गोऱ्यापान मेहुणीला शिपायांनी स्टेशनवर अडवून चौकीत बसवलं. दुसऱ्या दिवशी फौजदार माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही.

"फोटोवाले, ही बाई आहे तरी कोण?"

"बोट तुम्हीच ठेवलं होतं, साहेब."

त्यांना कळलं होतं. पण लेखी हुकूम त्यांचा होता, आणि 'वा' म्हणताना दोन शिपायांनी ऐकलं होतं. त्यांची बदली झाली. जाताजाता ते माझं परमिट रद्द करून गेले. पुढची तीन वर्षं मी देवादिकांच्या तसबिरींना फ्रेमा लावल्या.

यमुनाबाईंचा पत्ता नव्हता. कुणी म्हणे कुरवंड्यात लपल्या, कुणी म्हणे घाट उतरून कोकणात गेल्या. जिवंत आहेत की नाहीत तेही कळेना. त्याहून वाईट म्हणजे मला त्यांचा चेहरा आठवेना. आठवायला बसलं की हँडबिलच समोर येई.

मग युद्ध संपलं, कागद मिळू लागला, वॉरंटं मागे घेतली गेली आणि एका सकाळी त्या स्टुडिओत येऊन उभ्या राहिल्या. वाळलेल्या, आणखी काळ्या. पाहिल्याबरोबर ओळखलं. त्यांनी पिशवीतून घडी घातलेलं हँडबिल काढून टेबलावर ठेवलं.

"तळेगावला याच्याच खाली बसून मी गाडीची वाट पाहिली," त्या म्हणाल्या. "शिपायानं मला बाजूला सरकायला लावलं. त्याला हिला बघायचं होतं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"वाचले तुमच्यामुळे, ते खरंच. पण एक सांगा. तुम्हाला मी अशी हवी होते?"

पोलिसांसमोर मला खोटं सुचलं होतं. इथे 'हात सवयीनं चालला' असं काहीतरी पुटपुटलो. मग मनात साचलेलं मीही विचारलं, की त्या इथे येत होत्या त्या फक्त रोल धुवायला का.

"पहिले दोन महिने," त्या म्हणाल्या. आणि जाऊन खुर्चीवर बसल्या. "फोटो काढा. पेन्सिल लावायची नाही."

तीन महिन्यांनी आमचं लग्न झालं. खुर्चीवरचा तो फोटो मी मोठ्या हौसेनं स्टुडिओच्या काचेत लावला, व्रणासकट, नाकासकट. उपवर मुलींचे बाप रस्त्यावरून तो बघत आणि पलीकडच्या स्टुडिओत जात. याला रिटचिंग येत नाही, अशी गावात बोलवा झाली. धंद्यातल्या नवीन माणसाला मी एवढंच सांगेन: घरच्या माणसाचा फोटो घरात लावावा.