शिक्क्याबाहेरचं वाक्य

मूक चित्रपट दाखवणाऱ्या एका फिरत्या कंपनीत मी गोष्ट सांगायचो. पडद्यावरची अक्षरं वाचणारे थोडे. म्हणून ओठ नटाचे आणि आवाज माझा. त्याआधी दोन वर्षं मी पत्रकं लिहिली होती. विदेशी कापड, दारू, धान्य दडवणारे व्यापारी, कुणालाच सोडलं नव्हतं.

चिखलीला पोचलो तर ठाणेदाराचा हुकूम: चित्रपटाला मुंबईच्या सेन्सॉरचा दाखला आहे, ठीक, पण हा पोरगा काय बोलणार ते आधी लिहून द्या. मी चार पानं दिली. लाल शाईनं भरून, माझ्या वाक्यांच्या जागी सरकारी वाक्यं घालून परत आली. ‘जुलूम’ गेला. ‘भूक’सुद्धा गेली! दुष्काळाच्या गोष्टीत भूक म्हणायची नाही? खाली ठसठशीत शिक्का. मी कागद खिशात कोंबला आणि ठरवलं, वाचणार नाही.

बाजाराचा दिवस, भर दुपार. उन्हाळ्यात बंद असलेल्या, कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याचं टिनाचं गोदाम, दारं लोटली की आत काळोख. जमिनीवर खच्चून माणसं, मागे चित्रपटाचं मशीन, कोपऱ्यांत कापसाचा कचरा. बाहेर जायला दार एकच.

पडद्यावर व्यापारी ज्वारीचं कोठार बंद करत होता, बाहेर बाया पदर पसरून उभ्या. मी ओरडलो, “असे राक्षस काय पडद्यावरच असतात? तुमच्या बाजारातही आहेत! इथंच बसलेत!”

हे वाक्य माझ्या पत्रकातलं, तीनदा छापलेलं. लिहिताना कोणी डोळ्यांपुढे नव्हतं, बोलतानाही नव्हतं.

काळोखातून आवाज आला, “हाव! तो पाह्य ना, खुर्चीवर!”

पुढे एकच खुर्ची होती. तिच्यावर बाजारातले एक म्हातारे मुसलमान धान्यवाले बसलेले. माणसं उठली. खुर्चीभोवती खांदे दाटले, कुणीतरी त्यांची टोपी उडवली.

“कोठार दाखव बे म्हाताऱ्या!”

“धरा त्याले!”

मी ‘थांबा’ म्हणालो असेन; मलाच ऐकू आलं नाही. मशीन थांबवावं तर दिव्यापुढे अडकलेली फीत पेटायची, आणि सभोवती कापूस. म्हातारा मरणार आणि मारणारं तोंड माझं, एवढंच कळत होतं.

हात आपोआप खिशात गेला. पडद्याच्या उजेडात मी शिक्क्याचा कागद धरला आणि बेंबीच्या देठापासून वाचायला लागलो, “सदरहू गृहस्थ धान्याची योग्य व्यवस्था करीत आहेत! सदरहू स्त्रिया आपली अडचण नम्रपणे निवेदन करीत आहेत!”

मग मागून कोणीतरी हाणलं, “काऊन बे, तुले ठाणेदार चावला काय?”

गोदाम हसलं. मी वाचतच राहिलो, आवाज बकरीसारखा थरथरत. शिट्ट्या आल्या, सरकीचे दाणे माझ्या अंगावर आले. येऊ देत. खुर्चीभोवतालचे खांदे एकेक करून खाली बसले.

खेळ सुटला. सगळे गेले, म्हातारबाबा उठेनात. दाराबाहेर मघाशी उठलेल्यांचं टोळकं अजून उभं होतं. मी टोपी शोधून दिली आणि म्हटलं, “चला बाबा, मी येतो.”

टोळक्याकडच्या अंगाला मी राहिलो, बाबा पलीकडे. “पाह्य, राक्षसाले पोचवून राह्यला!” कोणी म्हणालं. पाठीत आता काहीतरी बसेल, या भीतीनं मी मान वळवली नाही.

वळण घेतल्यावर बाबा म्हणाले, “बेटा, तू ‘इथंच बसलेत’ म्हनला ना, तवा मीबी मागं वळून पाह्यलं. म्हटलं, कोन हाये हा हरामखोर?”

शिक्क्याचा राग आजही तसूभर कमी नाही. ठाणेदारानं ‘भूक’ खोडली ती सरकारच्या भल्यासाठी. या माणसासाठी त्यानं एक अक्षर खोडलं नव्हतं. ‘इथंच बसलेत’ खोडायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं नव्हतं.

दुकानाशी आलो. बाबांच्या हातानं कुलपाला किल्ली लागेना. मागे रस्त्यावर पावलं वाजली. मी किल्ली त्यांच्या हातून घेतली. माझ्याही हातानं ती लागेना.