प्लायमागे लपवलेली रात्र

मुंबईच्या एका एक्स्पोर्टरने मला आणि माझ्या तीन माणसांना फसवलं. पैशात नाही. पैसे त्याने वेळेवर दिले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला ते ऐकवायला नको. त्याने आमच्या कापडाची एक अख्खी बाजू गायब केली.

त्या सकाळी मी कारखान्यात शिरले तेव्हा चार नंबरचा माग बंद होता. सात माग खडखडत असताना आठवा गप्प असला की मला गेटपासूनच कळतं. मागापाशी अंबादास आणि नरसय्यामामा पहिलं सॅम्पल हातात धरून उभे होते. अंबादास माझा डिझायनर. नरसय्यामामा सगळ्यांत जुने विणकर. मी टॉवेलांना शिलाई मारायच्या कामावर होते तेव्हापासून आम्ही एकमेकांना ओळखतो.

"ताई, आधी चहा घ्या," अंबादास म्हणाला.

"चहा घ्या म्हणजे वाटोळं झालंय. उघड."

त्यांनी कापड उघडलं. त्यावर एक बेट असायला हवं होतं. दोन होती. डावीकडे एक, उजवीकडे तेच उलटं. दोन बंदरं, दोन किल्ले, आणि मधोमध दोन तेलवाहू जहाजं समोरासमोर नाक लावून, आता भांडतील अशी.

"जगात हे बेट एकच हाय, अंबादास!" मी ओरडले. रागावले की माझ्या गावची, मोडनिंबची बोली बाहेर येते. "तू दुसरं कुठनं आणलंस?"

"चादरीला अर्धंच काढतात की ओ ताई. सवयीनं झालं."

खरं तर चूक माझीही होती. हे जरा समजावून सांगते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आम्ही चादरी विणतो. नक्षी विणणाऱ्या यंत्राला जॅकार्ड म्हणतात, ते मागाच्या डोक्यावर बसतं. त्यात हुक असतात. हुक वर गेला की त्याला बांधलेला उभा धागा वर जातो, खालून आडवा धागा निघतो आणि नक्षीचा एक ठिपका तयार होतो. हुकापासून धाग्यापर्यंत ज्या शेकडो दोऱ्या लोंबतात त्यांना हार्नेस म्हणतात. चादरीचा मोर डावीकडे असतो तसाच उजवीकडे असतो. म्हणून आमच्याकडे एका हुकाला दोन धागे बांधतात, एक डाव्या अर्ध्यातला, एक उजव्या. डिझायनर अर्धी नक्षी काढतो, उरलेली अर्धी माग आपोआप उलटी करून देतो. निम्मं काम वाचतं. अंबादासने जन्मभर अर्धंच काढलं होतं. अख्खं बेटही त्याने अर्ध्याच रुंदीत बसवलं. आणि जॅकार्डला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं पंच करायच्या आधी ग्राफवर, म्हणजे चौकटीतल्या नक्षीवर, सही मी केली होती.

ऑर्डर होती माल्टाची. भूमध्य समुद्राच्या मधोमध असलेलं लहानसं बेट. तिथल्या एका छोट्या म्युझियमला भिंतीवर लावायचं विणलेलं चित्र हवं होतं. दुसऱ्या महायुद्धात त्या बेटाला दोन वर्षांहून जास्त काळ वेढा पडला होता. ज्याच्या हातात ते बेट, त्याच्या हातात त्या समुद्रातली वाट. त्यामुळे इटलीची आणि जर्मनीची विमानं रोज येऊन बॉम्ब टाकायची. माणसं खडक खोदून आत राहायची. जहाजं वाटेतच बुडवली जायची. धान्य संपत आलं, तेल संपत आलं. तेल संपलं असतं तर बेटावरची विमानं उडाली नसती आणि बेट गेलं असतं. शेवटी एक तेलवाहू जहाज आलं. बॉम्ब लागून इतकं मोडलेलं की एकटं तरंगेना. दोन लढाऊ जहाजांनी त्याला दोन्ही बाजूंनी बांधून, अक्षरशः काखेत धरून बंदरात आणलं. लोक तटावर उभे राहून ओरडत होते.

एक्स्पोर्टरने हे सगळं मला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. लहानपणी आमच्या गावात पाण्याच्या टँकरची वाट बघत घागरी घेऊन मी तासन्‌तास उभी राहिलेय. धूळ दिसली की सगळी गल्ली ओरडायची. ते तटावरचे लोक मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. भाव करायचा सोडून मी हो म्हणून बसले. असं माझ्याकडून कधी होत नाही.

म्युझियमचं उद्घाटन जवळ आलं होतं. माल विमानाने जायला हातात जेमतेम तीन आठवडे होते. आणि माझ्यासमोर दोन बेटं.

एक्स्पोर्टरला फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"ताई, हे काय आहे? मी दुसरीकडे देतो काम."

"द्या की. तिथं ग्राफ पहिल्यापासून काढतील. माझ्याकडं निदान काय चुकलं ते कळलंय. बारा दिवस द्या."

"आठ."

"बारा. आठ म्हणणारा पंधराव्या दिवशी तुमचा फोन उचलणार नाही."

बारा मिळाले.

आता हुक तेवढेच आणि चित्र दुप्पट रुंद. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड घ्यायची माझी ऐपत नाही. नरसय्यामामा मागाखाली बसून दोऱ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सगळा हार्नेस सोडू. एका हुकाला शेजारशेजारचे दोन धागे बांधू. उलटं पडणार नाही."

"मग अडचण काय?"

"चित्र जाड होणार. एक ठिपका दोन धाग्यांचा. विमानाचा पंखा बिंखा काही दिसणार नाही, ताई. विमान म्हणजे नुसती फुली."

"आणि माणसं?"

"माणूस तीन ठिपके. डोकं, अंग, वर केलेला हात."

"दोन हात पाहिजेत."

"मग चार ठिपके," मामा म्हणाले. "महाग पडतंय तुमचं बेट."

पाच दिवस चार नंबरचा माग मेल्यासारखा उभा होता. मामा आणि त्यांची बायको लक्ष्मीबाई दोघं समोरासमोर बसून गाठ सोडत, गाठ मारत होती. मधूनच तेलुगूत एकमेकांवर खेकसायची, पण बोट थांबायचं नाही. अंबादासने कॉम्प्युटरवर पूर्ण बेट काढलं, पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी वेगळं. त्याला ते जमेना. उजवीकडे आला की हात पुन्हा डाव्या बाजूचीच रेघ काढायचा. मी त्याच्या शेजारी बसून मोठ्याने बोलत राहिले, "हितं किल्ला न्हाय. हितं मोकळं पाणी हाय. मोकळं ठेव!"

नवव्या दिवशी दुपारी दुसरं सॅम्पल उतरलं. एक बेट. एक तेलवाहू जहाज, दोघांच्या काखेत. वर फुल्याफुल्यांची विमानं, पडणाऱ्या विमानांच्या धुराचे तिरके काळे पट्टे, तटावर चार-चार ठिपक्यांची माणसं, हात वर. पांढऱ्या आभाळावर गडद निळं चित्र. जाड होतं, पण छातीवर येत होतं. मी एक्स्पोर्टरला फोटो पाठवला.

"हे फारच ढोबळ आहे, ताई. विमानं ओळखू येत नाहीत."

"खाली उभं राहून पळणाऱ्या माणसाला विमान असंच दिसतं, साहेब."

"क्लायंटला काय सांगू? डिटेल नाही. मला रिजेक्ट करावं लागेल."

मी फोन ठेवला आणि चिडून कापड उचलून मागच्या अंगणात दोरीवर फेकलं. रागाने फेकलं म्हणून ते उलटं पडलं. ऊन पडलं होतं. मी वळले आणि तिथेच थांबले.

रात्र झाली होती.

सोलापुरी चादर दुहेरी असते. पुढे जिथे पांढरं, तिथे मागे निळं. हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे, म्हणूनच आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. चादरीत मोर पांढरा झाला काय, निळा झाला काय, मोर तो मोरच. पण इथे आख्खं आभाळ काळंनिळं झालं होतं. पांढरी विमानं त्यात लखलखत होती. धुराचे काळे पट्टे सर्चलाइटचे पांढरे झोत झाले होते, खालून वर विमानांना शोधत गेलेले. तटावरची माणसं पांढरी, हात वर. तेलाचं जहाज अंधारातून येत होतं.

"मामा! अंबादास! बाहेर या, लवकर!"

तिघंही दोरीसमोर उभे राहिलो. मी कापडाच्या पुढे जायची, दिवस. मागे जायची, रात्र. तीनचार वेळा फिरले. साठीला आलेली बाई दोरीभोवती पळतेय म्हणून शेजारच्या युनिटचे लोक भिंतीवरून बघायला लागले.

"पण ताई, जहाज सकाळी आलं होतं म्हणून सांगितलंय," अंबादास म्हणाला.

"आणि रात्री काय ते समुद्रात झोपलं होतं? येतच होतं की!"

"ह्या बाजूनं जहाज उलटीकडून येतंय," तो अजून शंका काढत होता.

नरसय्यामामा हसले. "गल्लीच्या ह्या टोकाला उभा राहा, मग त्या टोकाला. गाडी उलटीच दिसते, येड्या."

मी व्हिडिओ कॉल लावला. एक्स्पोर्टरला दिवस दाखवला. मग कापड फिरवलं.

"ताई... हे तुम्ही मुद्दाम केलंय?"

"व्हय तर," मी म्हणाले. सौदा चालू असताना सगळं खरं सांगायचं नसतं.

"ब्रिलियंट आहे. ब्रिलियंट. कधी पाठवताय?"

मी तिथेच त्याला धरलं. पैसे वाढवून मागितले नाहीत. दोन अटी घातल्या. पहिली, हे कापड भिंतीला लावायचं नाही. दालनाच्या मधोमध वरून टांगायचं, म्हणजे माणूस दिवसातून चालत रात्रीत जाईल. दुसरी, खालच्या काठावर एक पट्टी विणणार: सोलापूर, आणि नरसय्यामामा, लक्ष्मीबाई, अंबादास यांची नावं. अक्षरं एकाच बाजूने सरळ वाचता येतात, दुसऱ्या बाजूने उलटी पडतात. आम्ही ती रात्रीच्या बाजूने सरळ ठेवली. माझं नाव घातलं नाही. मला मामांचं हवं होतं. चाळीस वर्षं त्यांनी विणलेल्या चादरींवर दुसऱ्यांची लेबलं लागली आहेत.

दोन्ही अटी मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवल्या. उत्तर आलं, "अ‍ॅग्रीड ताई," आणि अंगठा. तो मेसेज माझ्याकडे आहे.

पाठवायचा पीस बाराव्या दिवशी उतरला. पट्टी विणून पुढे यायला लागली तेव्हा लक्ष्मीबाई मागापाशी आल्या. वरून अक्षरं उलटी दिसत होती, म्हणून त्यांनी वाकून, अक्षरांसमोर आरसा धरून स्वतःचं नाव वाचलं. मग पदराने आरसा पुसला आणि गेल्या.

उद्घाटनाचे फोटो म्युझियमच्या पेजवर आले. अंबादासने कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर उघडले. कापड भिंतीवर होतं. मागे प्लायवूड ठोकलेलं, चारी बाजूंनी जाड फ्रेम. खालची पट्टी फ्रेमच्या आत दुमडलेली. बाजूच्या पाटीवर एक्स्पोर्टरच्या मुंबईतल्या स्टुडिओचं नाव. ज्या स्टुडिओत एकही माग नाही.

मामांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "दिवस बरा दिसतोय," एवढंच म्हणाले.

मी फोन लावला.

"म्युझियमचा निर्णय होता, ताई. माझ्या हातात काही नव्हतं."

मी म्युझियमला थेट ईमेल केली. इंग्रजी अंबादासच्या बहिणीने लिहून दिलं. सोबत दोरीवरचा रात्रीचा फोटो. तिसऱ्या दिवशी तिथल्या बाईंचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की या कापडाला दुसरी बाजू आहे हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही. फ्रेम आणि प्लाय लावलेलंच मुंबईहून आलं. फोटो बघून त्या स्वतः दालनात जाऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या म्हणे. त्यांना ते मधोमध टांगायचं आहे, आमची नावं पाटीवर लावायची आहेत. फक्त करारात एक कलम आहे: पुरवठादाराच्या लेखी परवानगीशिवाय फ्रेम उघडायची नाही.

पुरवठादार म्हणजे तो.

म्हणजे झालं काय, तर पट्टी दिसली असती तर स्टुडिओचं पितळ उघडं पडलं असतं. पट्टी रात्रीच्या बाजूला होती, म्हणून त्याने आख्खी रात्रच झाकून टाकली.

यातून मी शिकले ते एवढंच. अंगठ्याला सही समजू नये. आणि ज्याच्या हातून माल जातो, त्याच्याकडून माल मिळणाऱ्याचा पत्ता आधी लिहून घ्यावा. मी ते शिकले, आता माझ्या ऑर्डर फॉर्मवर दोन्ही गोष्टी छापल्या आहेत.

पण माझ्या शिकण्याने तिकडची फ्रेम उघडत नाही. साहेब, मी तुम्हाला सात फोन केले, चार मेसेज केले. म्युझियमची बाई वाट बघतेय. नरसय्यामामा विचारत नाहीत, पण रोज संध्याकाळी निघताना माझ्या केबिनच्या दारात जरा थांबतात. परवानगीचं पत्र एका ओळीचं आहे, स्क्रू चार आहेत. ते तुम्ही का देत नाही, आणि त्या कापडाला पाठ आहे हे त्या लोकांपासून का लपवलंत, याचं उत्तर मला तुमच्या तोंडून हवं आहे. फोनवर नको. माझ्या कारखान्यात या, चार नंबरच्या मागापाशी उभे राहा, आणि मामांसमोर द्या.